नळकांड्याची कुळकथा

सोलापूरच्या नवी पेठेत साड्या-चादरींच्या खरेदीला आलेला माणूस चार हुतात्म्यांच्या पुतळ्यावरून जातो तेव्हा १९३० आपसूक आठवतं. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडं तोडल्यावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले आणि गोळीबार झाला. १२ मेला मार्शल लॉ लागला. धनशेट्टी, शिंदे, सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली.

पोलिसांच्या हाती लाठी आणि बंदूक, मधलं काहीच नाही. आणि तरीही अश्रुधूर तेव्हा जगात होता, हे मनाला लागतं. सीएन हे अश्रुधुराचं रसायन कार्ल ग्रेब या जर्मन रसायनज्ञाने १८७१ मध्येच बनवलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी पोलीस ते वापरू लागले. लंडनला मात्र संकोच होता: १९२५ च्या जिनिव्हा करारात युद्धातला वायू निषिद्ध ठरवून तोच वसाहतींतल्या जमावावर सोडायचा कसा? ही आडकाठी सैल झाली १९३० च्या दशकाच्या मध्यात. गोळीबाराला असा संकोच कधी आड आला नाही.

सीएस हे अश्रुधुराचं दुसरं रसायन १९२८ चं. कॉर्सन आणि स्टॉटन या दोन अमेरिकींच्या आडनावांची ती आद्याक्षरं. १९५० च्या दशकाअखेरीपासून त्याने सीएनला मागे सारलं. म्हणून अश्रुधुराचं जुनं नळकांडं ओळखताना आधी अंगावरची अक्षरं वाचावीत. अमेरिकी कंपन्यांच्या मालावर साधारणपणे लाल रंग सीएनचा, निळा सीएसचा, पिवळा नुसत्या धुराचा. पण रंग उडतो, ठोकलेली अक्षरं टिकतात. बंदुकीतून उडणारं नळकांडं बहुधा ३७ किंवा ३८ मिलिमीटरचं असतं, जाड काडतुसासारखं, बुडाशी टोपी असलेलं. हाताने फेकायच्याला वर पिन आणि खटका, अंगाला धूर सुटायची भोकं. आपल्याकडे सीमा सुरक्षा दलाने ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला १९७६ मध्ये स्वतःचा कारखाना उभारल्यावर देशी माल आला.

गोळीपेक्षा हे बरं, यात मला शंका नाही. पण नळकांडं थेट अंगावर झाडलं तर डोकं फुटतं, माणूस दगावतो.

भंगारात असं काही सापडलं तर पिन चाचपू नये, आपटून पाहू नये. दारू जुनी झाली म्हणून निवत नाही. लांबूनच फोटो घ्यावा आणि ११२ ला कळवावं.