हलक्या ट्रकाची जकात व व्याख्या

इसुझु या जपानी कंपनीने बनविलेला छोटा पिकअप ट्रक जनरल मोटर्सने १९७२ साली 'शेव्हरोले लव्ह' या नावाने अमेरिकेत विक्रीस आणला. त्याचा तेथील इतिहास मुख्यतः जकातीच्या परिभाषेने घडविला.

युरोपीय आर्थिक समुदायाने अमेरिकन कोंबड्यांवरील आयात-कर वाढविला, तेव्हा प्रत्युत्तरादाखल अमेरिकेने जानेवारी १९६४ पासून हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात बसविली. तिचा रोख पश्चिम जर्मनीच्या फोक्सवॅगनवर होता. परंतु ती इतर देशांच्या ट्रकांसही लागू असल्याने जपानही तीत सापडला.

तथापि, हौदा न बसविलेल्या सांगाड्यावर, त्यास चालककक्ष असला तरी, ४ टक्केच जकात असे. म्हणून 'लव्ह' हौद्यावाचून जहाजात चढे व हौदा अमेरिकेत बसविला जाई. १९८० साली जकात खात्याने वर्गवारी बदलून अशा सांगाड्यासही 'ट्रक' ठरविले. जकात २५ टक्के झाली. थोड्याच अवधीत 'लव्ह'ची जागा अमेरिकेतच बनणाऱ्या 'एस-१०' ने घेतली. अन्य देशांत इसुझुच्या ट्रकांची विक्री मात्र चालूच राहिली.

परिभाषेतील एका शब्दाच्या मर्यादेवर कारखान्याची जागाही अवलंबून राहू शकते, असे यावरून दिसते.