जोखीम कोणाच्या शिरी?

‘जोखीम’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक अर्थ धोका. दुसरा, दुसऱ्याने विश्वासाने हवाली केलेली मौल्यवान वस्तू. या दोन अर्थांचे नाते जुन्या सराफी व्यवहारात स्पष्ट दिसे. त्या व्यवहारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार होता. गलबतावर माल चढविणारा व्यापारी त्या मालाच्या भरवशावर हुंडी लिही व सराफ ती विकत घेई. माल सुखरूप पोहोचला तर सराफास पैसे मिळत. वाटेत बुडाला तर त्याचे पैसेही बुडत. कर्ज आणि विमा ही दोन्ही कामे एकाच कागदाने भागत. धोका कोणी पत्करला, किती मोबदल्यात पत्करला, आणि तो जाणून पत्करला की काय, याविषयी तेथे संशयास जागाच नसे. आजच्या मोठ्या कंपन्यांत जोखमीच्या व्यवस्थेचे जे एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे, त्यास हेच तीन प्रश्न विचारून पाहावे, असे आम्हांस वाटते. आणि त्यासाठी सांगवीसारखे दुसरे स्थळ क्वचितच सापडेल.

सांगवीपाशी पवना नदी मुळेस मिळते. मुळेच्या वरच्या अंगास मुळशीचे धरण आहे. मुंबईस वीज पुरविण्यासाठी टाटांच्या कंपनीने ते बांधावयास घेतले, तेव्हा १९२१ साली मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला व सेनापती बापटांनी तो नेटाने चालविला. तथापि जमिनी अखेर पाण्याखाली गेल्याच. विजेचा लाभ मुंबईस झाला. हानी मात्र ज्यांनी ती कधीही पत्करली नव्हती, त्यांच्या वाट्यास आली. जोखमी हुंडीचा न्याय येथे अगदी उलटा झाला.

पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण, त्याचे बांधकाम पुरते संपण्यापूर्वीच, फुटले. त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही, आणि पुण्यातील मुठेकाठच्या पेठा बुडाल्या. मुठा मुळेस सांगवीच्या खालच्या बाजूस मिळते, म्हणून हे गाव त्या लोंढ्याच्या वाटेवर नव्हते. परंतु बोध सर्वच नदीकाठांस सारखा होता. धरणांच्या सुरक्षिततेसाठी सर्व देशास लागू असा कायदा मात्र २०२१ साली झाला. मध्ये साठ वर्षे लोटली! नियम हा बहुधा मागील संकटाचा स्मरणलेख असतो. त्याचे पालन अवश्य करावे. पण पुढील संकट त्याच वाटेने येईल, असे मात्र समजू नये.

सांगवीच्या पश्चिमेस हिंजवडी येथे आज ज्या कंपन्या नांदत आहेत, त्या माल विकीत नाहीत, सेवा विकतात. परदेशांतील पेढ्यांचे हिशेब, लोकांची खासगी माहिती, संगणकांवरील व्यवहार हे सारे त्यांच्या हवाली असते. म्हणजे दुसऱ्या अर्थाची ‘जोखीम’ हाच त्यांचा धंदा. तिच्या रक्षणार्थ कायदेही कडक झाले. युरोपीय संघाचा २०१८ साली अंमलात आलेला कायदा गंभीर कसुरीबद्दल कंपनीच्या जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंड करू शकतो. आपल्याकडेही २०१३ च्या कंपनी कायद्याने संचालकांच्या अहवालात जोखमीविषयीच्या धोरणाचे निवेदन आवश्यक केले, आणि २०२३ साली खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत झाला.

इतकी तटबंदी असता शत्रू भलत्याच वाटेने आला. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यात आढळले. दूरसंचार खात्याच्या तत्कालीन नियमांनी अशा सेवा घरून देण्यावर पुष्कळ बंधने घातली होती; ती त्याच महिन्यात शिथिल करावी लागली आणि नोव्हेंबरात बहुतांशी उठविण्यात आली. रोग पुढे आणि नियम मागे, हाच क्रम पुन्हा दिसला. कचेऱ्या ओस पडल्या व त्यांचे काम सांगवी, पिंपळे गुरव, वाकड येथील बिऱ्हाडांतून चालू लागले. कंपनीचा धंदा वाचला, ही गोष्ट खरीच. परंतु त्यासोबत जोखमीनेही घराचा उंबरठा ओलांडला.

आता नदीकडे पाहावे. महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखतात. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची तांबडी. या रेषांचा आधार मागील नोंदींचा. पाऊसच आपली चाल बदलू लागला, तर त्यांचा भरवसा किती धरावा? जुलै २०२४ च्या अतिवृष्टीत सांगवीच्या नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले व रहिवाशांस हलवावे लागले. ज्या घरास कंपनी अडचणीच्या वेळची कचेरी मानते, त्या घरात पाणी शिरले म्हणजे ते संकट केवळ त्या कुटुंबाचे उरत नाही.

तेव्हा कायदा, हवामान आणि नवे रोग यांची नावे जोखमीच्या वहीत लिहिल्याने काम संपत नाही. प्रत्येक नावापुढे तो भार अखेर कोणाच्या शिरी येणार, त्यास त्याची आगाऊ सूचना आहे काय, आणि त्याचा मोबदला त्यास मिळतो काय, हेही लिहिले पाहिजे. एवढे तर जुन्या सराफाची हुंडीही सांगत असे.