घुबडांचे युद्ध आणि जन्माचा प्रश्न

२४ सप्टेंबर २०१० रोजी अमेरिकेत 'लेजंड ऑफ द गार्डियन्स: द आउल्स ऑफ गाहूल' हा ॲनिमेशनपट प्रदर्शित झाला. झॅक स्नायडर यांनी तो दिग्दर्शित केला आणि सिडनीच्या ॲनिमल लॉजिक या स्टुडिओने तो साकारला. कॅथरिन लास्की या अमेरिकी लेखिकेच्या कादंबरीमालेतील पहिल्या तीन पुस्तकांवर तो आधारलेला आहे. या मालेचे पहिले पुस्तक २००३ साली निघाले. घुबडांच्या दोन फौजा, पिलांचे अपहरण, समुद्रापलीकडचा महावृक्ष, वृद्ध योद्ध्याकडून मिळणारी दीक्षा आणि शेवटी आगीच्या साक्षीने होणारी लढाई असा सगळा ओळखीचा साहसकथेचा साज त्यात आहे. मुलांच्या करमणुकीसाठी रचलेल्या अशा कथेचा विचार आपण कशासाठी करावा, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर खलपक्षाच्या नावात आहे. त्या फौजेचे नाव 'प्युअर वन्स', म्हणजे 'शुद्ध' असे आहे.

कथेचा गाभा थोडक्यात सांगतो. सोरेन आणि क्लड हे गव्हाणी घुबडाच्या कुळातील सख्खे भाऊ. एकाच घरट्यात वाढलेले. वडिलांनी सांगितलेल्या रक्षकांच्या गोष्टी दोघांनीही ऐकलेल्या. सोरेनचा त्यांवर विश्वास आहे, क्लडला त्या पोरकट वाटतात. फांदीवरून खाली पडलेल्या या दोघांना 'शुद्धां'चे हेर पळवून नेतात. तेथे आणलेल्या पिलांची जन्मावरून विभागणी होते. गव्हाणी घुबडांच्या कुळातील पिले सैनिक होणार आणि इतर सर्व जातींची पिले 'वेचणारी' होणार. घुबड शिकार अखंड गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांचा गोळा करून तोंडावाटे बाहेर टाकते. असे हजारो गोळे चोचीने फोडून त्यांतील धातूचे कण शोधत राहणे हे वेचणाऱ्यांचे काम. या कामाविरुद्ध कुणाच्या मनात विचारही येऊ नये म्हणून पिलांना पौर्णिमेच्या चंद्रप्रकाशात झोपवले जाते, आणि त्यामुळे त्यांची बुद्धी बधिर होते. गिल्फी नावाच्या इवल्याशा परजातीच्या घुबडीची बाजू घेतल्याबद्दल सोरेनलाही वेचणाऱ्यांत ढकलले जाते. क्लड मात्र सैनिकांच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

हा प्रसंग पाहताना आंबेडकरी वाचकाला १९३६ सालच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या न झालेल्या भाषणाची आठवण होणे अपरिहार्य आहे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून ती श्रमिकांची विभागणी आहे, हा बाबासाहेबांचा सिद्धांत त्यात मांडलेला आहे. कोण कोणते काम करील हे येथे कामाच्या गरजेवरून किंवा कौशल्यावरून ठरत नाही, ते जन्मावरून ठरते, आणि ज्यांच्या वाट्याला घाण येते त्यांना ती निवडण्याचा वा नाकारण्याचा प्रश्नच सुचू नये अशीही तजवीज असते. दिग्दर्शकाच्या मनात भारतीय जातिव्यवस्था होती असा माझा दावा नाही. पाश्चात्त्य प्रेक्षकाला येथे नाझी जर्मनी आठवावी असाच चित्रपटाचा घाट आहे. परंतु घुबडांच्या युद्धाची गोष्ट ही मुळात आपल्याकडची फार जुनी गोष्ट आहे, आणि जन्माचा प्रश्न तिच्यात आरंभापासून दडलेला आहे. म्हणून तिचा प्रवास मागे जाऊन पाहणे उपयुक्त ठरते.

पाली जातककथांमध्ये २७० व्या क्रमांकावर 'उलूक जातक' आहे. तिची प्रस्तावना जेतवनात घडते. दिवसा कावळे घुबडांना मारतात आणि रात्री घुबडे कावळ्यांची डोकी तोडतात. झाडाखाली पडलेली ती डोकी झाडून टाकण्याचे काम एका भिक्खूवर येते. या वैराचा आरंभ कधी झाला, असा प्रश्न निघतो आणि तथागत पूर्वीची गोष्ट सांगतात. माणसांनी आपला राजा निवडला, चतुष्पादांनी सिंहाला निवडले, माशांनीही आपला राजा निवडला. मग पक्ष्यांची सभा भरली आणि घुबडाचे नाव पुढे आले. प्रस्ताव तीन वेळा पुकारायचा होता. दोनदा सभा शांत राहिली. तिसऱ्या वेळी कावळा उठला आणि म्हणाला की राज्याभिषेकाच्या आनंदाच्या वेळी याचा चेहरा असा दिसतो, तर रागावल्यावर कसा दिसेल! घुबड त्याच्यामागे लागले, पक्ष्यांनी सुवर्णहंसाला राजा केले, आणि वैर तेव्हापासून चालू राहिले.

या कथेतील दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे तिच्यातील सभेची रीत. प्रस्ताव मांडणे, तो तीनदा पुकारणे आणि मौनाला संमती मानणे ही भिक्खुसंघाच्या कामकाजाचीच पद्धत आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी बौद्ध संघांना प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतमोजणी असे संसदीय कामकाजाचे नियम ठाऊक होते याची आठवण करून दिली होती. त्याचे लोककथेतील प्रतिबिंब येथे दिसते. एका कावळ्याच्या हरकतीने संपूर्ण सभेला फेरविचार करावा लागतो. दुसरी गोष्ट अशी की येथे वैराला कारण आहे. कावळा आणि घुबड निसर्गतःच शत्रू आहेत असे सांगून कथा थांबत नाही. एका घटनेतून वैर निर्माण झाले, असे ती सांगते. ज्याला कारण आहे त्याचा निरोधही संभवतो, हे धम्माच्या अभ्यासकाला वेगळे सांगावयास नको. मात्र कथेतील उणीवही झाकून ठेवू नये. कावळ्याची हरकत घुबडाच्या कृतीवर नाही, चेहऱ्यावर आहे. चेहऱ्यावरून लायकी ठरवण्याची खोड जातककथेतही शिरलेली आहे, आणि बाबासाहेबांनी शिकवलेल्या चिकित्सक दृष्टीने ती आपण नोंदवलीच पाहिजे.

हीच निवडणुकीची गोष्ट पुढे पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रात, 'काकोलूकीया'त, येते. परंतु तेथे तिचे प्रयोजन बदलते. वटवृक्षावर राहणारा कावळ्यांचा राजा मेघवर्ण, गुहेत राहणारा घुबडांचा राजा अरिमर्दन आणि स्वतःला रक्तबंबाळ भासवून शत्रूच्या किल्ल्यात शिरणारा कावळ्यांचा वृद्ध मंत्री स्थिरजीवी अशी ती राजनीतीची कथा आहे. स्थिरजीवी घरट्यासाठी म्हणून काटक्या गोळा करीत राहतो आणि एके दिवशी गुहेच्या तोंडाशी त्या पेटवून सगळी घुबडे जाळून टाकतो. त्याआधी तो घुबडांना सांगतो की मला अग्निप्रवेश करून पुढच्या जन्मी घुबड व्हायचे आहे. त्यावर रक्ताक्ष नावाचा घुबडांचा मंत्री त्याला उंदरीची गोष्ट सुनावतो. ऋषीने मुलगी बनवलेल्या उंदरीला सूर्य, मेघ, वारा, पर्वत यांपैकी कोणीही वर म्हणून पसंत पडत नाही, शेवटी तिला उंदीरच आवडतो. तात्पर्य असे की रूप बदलले तरी जात बदलत नाही. पहिल्या तंत्रातील निळ्या कोल्ह्याची गोष्टही याच वळणाची आहे. रंगाच्या पिंपात पडलेला कोल्हा राजा होतो, पण जातभाईंची कोल्हेकुई ऐकताच स्वतः ओरडतो आणि मारला जातो. शाळेच्या पुस्तकांतून आपण या गोष्टी चातुर्याच्या म्हणून वाचल्या. आपल्या पायरीपेक्षा वर चढणाऱ्याचा शेवट असाच होतो, हा त्यांचा दुसरा धडा कोणी मोठ्याने वाचून दाखवला नाही, तरी तो मनात उतरतच होता.

प्राणिकथेत हा धोका अंगभूतच आहे. मराठीत 'जात' हा एकच शब्द कावळा-घुबडांच्या भेदासाठीही वापरला जातो आणि माणसांमधील जातींसाठीही. एकदा प्राण्यांना माणसांसारखे बोलायला लावले की प्राण्यांतील खरा भेद माणसांतील कल्पित भेदाला आयता आधार देतो. या गोंधळाचे निरसन पाली वाङ्मयातील वासेट्ठ सुत्तात फार स्पष्टपणे केलेले आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण ब्राह्मण वाद घालत तथागतांकडे येतात: माणूस ब्राह्मण होतो तो जन्माने की कर्माने? उत्तर देताना तथागत गवत, झाडे, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे आणि पक्षी यांचा क्रमाने उल्लेख करतात. या सर्वांत जन्माने येणारी वेगवेगळी लक्षणे आहेत, माणसांत मात्र तशी लक्षणे आढळत नाहीत. माणसांतील भेद हे व्यवसायाचे आणि नावाचे आहेत. प्राणिकथा वाचताना कोणती सावधगिरी बाळगावी याचा इतका नेमका निकष दुसरीकडे क्वचितच मिळेल.

पंचतंत्र सहाव्या शतकात इराणमध्ये पहलवीत, आठव्या शतकात 'कलीला व दिम्ना' या नावाने अरबीत आणि पुढे युरोपीय भाषांत गेले. आधुनिक इंग्रजी प्राणिकथा थेट त्यातूनच जन्मली असे म्हणता येणार नाही, पण जन्म आणि स्वभाव यांची जुनी सांगड तिच्यातही टिकून आहे. अमेरिकेतही पुष्कळ वाचल्या गेलेल्या ब्रायन जॅक्स या इंग्रज लेखकाच्या 'रेडवॉल' मालेत उंदीर, साळिंदर, बिज्जू हे सज्जन, तर घुशी आणि फेरेट बहुधा दुर्जन. त्या मालेतील १९९५ सालच्या 'आउटकास्ट ऑफ रेडवॉल' या पुस्तकात सज्जनांच्या मठात वाढलेले फेरेटचे पिलू अखेर वाईटच निघते. उंदरीची गोष्टच येथे नव्या वेषात आली आहे, आणि तिच्या शीर्षकात 'बहिष्कृत' हा शब्द आहे.

या पार्श्वभूमीवर घुबडांच्या चित्रपटाचे वेगळेपण कळते. त्याने युद्ध दोन जातींत लावले नाही, एकाच घरट्यात लावले. दोघा भावांचे रक्त एक, संस्कार एक, ऐकलेल्या गोष्टीही एकच. तरीही एक मुक्तीच्या बाजूला जातो आणि दुसरा वर्चस्वाच्या. क्लडला दुष्ट स्वभाव जन्मतः मिळालेला नाही. आपल्यापेक्षा भाऊ वडिलांना प्रिय आहे हे त्याचे शल्य आहे, आणि 'तू जन्मानेच श्रेष्ठ आहेस' हे सांगणारी नायरा त्या शल्यावर औषध देते. दुखावलेल्या मनाला आपल्या खाली कोणीतरी आहे याचे समाधान मिळते आणि तेवढ्यावर ते अन्यायाचे पहारेकरी होते. श्रेणीबद्ध विषमता कशी टिकते याचे बाबासाहेबांनी केलेले विश्लेषण याहून फारसे वेगळे नाही. रक्षकांच्या दंतकथेतील महान वीर प्रत्यक्षात जखमांनी विद्रूप झालेला, युद्धाला गौरव न मानणारा वृद्ध एझिलरिब निघतो, हाही या चित्रपटाचा प्रामाणिकपणा आहे. देखण्या चेहऱ्याची परंपरागत अट येथे मोडली जाते.

तरीही प्रश्न उरतातच. 'शुद्धां'चा पाडाव करणारा नायक स्वतः त्याच उच्च मानलेल्या कुळातला आहे. त्याचे इतर जातींचे सोबती, बिळात राहणारा डिगर आणि कवने म्हणणारा ट्वायलाइट, बव्हंशी विनोदासाठी आहेत. महावृक्षावर राजा-राणीचे राज्य आहे, जातकातल्यासारखी सभा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मिसेस प्लिथिव्हर. ही आंधळी सापीण सोरेनच्या घरातील दाई आहे. लास्की यांच्या पुस्तकांत तर आंधळे साप घुबडांची घरटी कीटकांपासून साफ ठेवणारे नोकर म्हणूनच येतात. या कल्पनेला निसर्गात आधार आहे. टेक्सासमधील गेलबाख आणि बॉल्ड्रिज या संशोधकांनी १९८७ साली नोंदवले की तेथील स्क्रीच घुबडे आंधळे साप जिवंत घरट्यात आणतात, ते साप घरट्यातील अळ्या खातात आणि अशा घरट्यांतील पिले अधिक चांगली वाढतात. निसर्गात हे सहजीवन आहे. पण साप बोलू लागला, त्याला नाव आणि मन मिळाले, की तेच सहजीवन पिढीजात सफाईकाम होते. 'शुद्धां'च्या छावणीतील वेचणारे पाहून प्रेक्षक हळहळतो. चांगल्या घुबडांच्या घरातील सफाई मात्र प्रेमळ सेवा म्हणून त्याच्या नजरेतून सुटते.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या समाजासाठी हा भेद निव्वळ साहित्यचर्चेचा नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या चर्चासत्रात तरुण भीमरावांनी भारतातील जातींवर निबंध वाचला आणि जगात जेथे हिंदू जातील तेथे जातीचा प्रश्न जाईल, हे आधीच बजावले. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटलच्या नगर परिषदेने जातीवर आधारित भेदभावास बंदी घातली; त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये नाकारले. दरम्यान येथे जन्मलेली आपली मुले जात म्हणजे काय हे विचारू लागली आहेत. उघड क्रूरता ती लगेच ओळखतात, कारण शाळेत त्यांना गुलामगिरीचा आणि वंशभेदाचा इतिहास शिकवला जातो. हसतमुख घरात, प्रेमाच्या शब्दांत वावरणारी जात ओळखणे मात्र त्यांना कठीण जाते. आपल्या सहकाऱ्यांच्या घरी, सणासमारंभांत, आडनावाच्या चौकशीत ती त्यांना भेटणार आहे ती याच रूपात.

म्हणून हा चित्रपट मुलांना जरूर दाखवावा, आणि शक्य तर त्याच आठवड्यात उलूक जातक व काकोलूकीय हेही सांगावे. तिन्ही गोष्टींना एकच प्रश्नावली लावता येते. येथे वैराला कारण दिले आहे की ते निसर्गावर सोपवले आहे? हरकत घेण्याचा अधिकार कोणाला आहे? नायकाची लायकी कृतीवरून ठरते की कुळावरून? आणि घरटे कोण साफ करते, व ते काम त्याने स्वतः निवडले आहे काय? शेवटचा प्रश्न मुलांना सर्वांत सोपा वाटतो. तो विचारल्यावर गोष्ट थोडी लांबते आणि झोपायला उशीर होतो. पण धम्मचर्चेला तेवढा वेळ द्यावाच लागतो.