रॉकी, मेमोल

रॉकी, मेमोल : भारताच्या माजी आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू आणि २०१७ ते २०२१ या काळात भारतीय वरिष्ठ महिला फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षक. गोव्याच्या संघाचे नेतृत्व करून त्या राष्ट्रीय संघात आल्या आणि खेळाडूपण संपल्यावर प्रशिक्षणाकडे वळल्या. त्यांची खरी ओळख या दुसऱ्या डावाने घडवली.

भारतात महिला फुटबॉलची पहिली संघटना १९७५ मध्ये उभी राहिली. १९८० च्या जानेवारीत कालिकत येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताने अंतिम फेरी गाठली आणि तैवानकडून ०–२ अशी हार पत्करली. तेव्हाच्या मानाने ही मोठीच मजल होती. मात्र पुढे महिला फुटबॉलचा कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे गेला आणि सामने विरळ होत गेले. २००९ मध्ये तर सामनेच न झाल्याने भारताचे नाव फिफाच्या महिला क्रमवारीतून वगळले गेले. रॉकी यांची पिढी खेळली ती अशा काळात. भारताची जर्सी मिळाली, तरी ती घालून उतरायला वर्षाकाठी फारच थोडे सामने मिळत. त्या पिढीच्या कारकिर्दी आकड्यांत लहान दिसतात, त्यामागे हे कारण आहे.

रॉकी यांच्याआधी अनादी बरुआ, साजिद दार असे पुरुष प्रशिक्षक संघासोबत होते. रॉकी यांनी सूत्रे घेतली तेव्हा चित्र निराशाजनक होते. एप्रिल २०१७ मध्ये प्याँगयाँगला झालेल्या आशियाई करंडक पात्रता फेरीत भारताला उत्तर कोरियाकडून ०–८, दक्षिण कोरियाकडून ०–१० आणि उझबेकिस्तानकडून १–७ असे पराभव सोसावे लागले होते. त्यातली एकच जमेची बाजू म्हणजे हाँगकाँगवरचा २–० विजय. देशांतर्गत पातळीवर इंडियन विमेन्स लीग त्याच वर्षी सुरू झाली होती. खेळाडूंना नियमित स्पर्धात्मक फुटबॉल मिळण्याची ती नुसती सुरुवात होती. मणिपूरच्या माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू चाओबा देवी सहायक म्हणून रॉकी यांच्या जोडीला होत्या.

२०१८ च्या उन्हाळ्यात संघ स्पेनमधील कोतिफ स्पर्धेत खेळला आणि लेवान्तेसारख्या क्लबांकडून मोठ्या फरकाने हरला. त्याच स्पर्धेत भारताच्या २० वर्षांखालील मुलांनी अर्जेंटिनाला २–१ ने हरवल्यामुळे वर्तमानपत्रांत मुलींच्या पराभवांना जागाच उरली नाही. तरीही या दौऱ्याचा उपयोग झाला, हे नोव्हेंबरात दिसले. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रतेची पहिली फेरी म्यानमारमध्ये झाली. भारताने नेपाळशी १–१ अशी बरोबरी साधली, बांगलादेशला ७–१ ने हरवले, यजमान म्यानमारकडून १–२ ने पराभव पत्करला आणि दुसरी फेरी गाठली. ऑलिंपिक पात्रतेत भारतीय महिला संघाने इथवर मजल मारण्याची ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या फेरीची तयारी मात्र पूर्वीसारखी कोरडी नव्हती. जानेवारी २०१९ मध्ये हाँगकाँग आणि इंडोनेशिया या दोन्ही संघांविरुद्ध भारताने मैत्रीपूर्ण सामने जिंकले, फेब्रुवारीत भुवनेश्वरला गोल्ड कप स्पर्धा झाली आणि मार्चमध्ये नेपाळमधील विराटनगर येथे दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाची (सॅफ) अजिंक्यपद स्पर्धा. तिथे अंतिम सामन्यात यजमान नेपाळला ३–१ ने हरवून भारताने सलग पाचवे सॅफ विजेतेपद मिळवले. दालिमा छिब्बर, ग्रेस दांगमेई आणि अंजू तमांग यांनी त्या सामन्यात गोल केले.

एप्रिल २०१९ मधील म्यानमारच्या मंडाले येथील ही दुसरी फेरी हा रॉकी यांच्या कारकिर्दीचा कळस मानावा लागेल, जरी तिथून हाती काही लागले नाही. इंडोनेशियावर २–० आणि नेपाळवर ३–१ असे विजय मिळवल्यावर अखेरचा सामना म्यानमारशी होता. म्यानमारचा गोलफरक सरस होता, त्यामुळे त्यांना बरोबरीही पुरत होती. भारताला मात्र जिंकणे भाग होते. संध्या, संजू आणि रतनबाला देवी यांच्या गोलांनी भारत ३–२ असा पुढे गेला. म्यानमारच्या विन थेइंगी तुनने त्या दिवशीचा आपला तिसरा गोल करून बरोबरी साधली आणि सामना ३–३ वर संपला. दोन्ही संघांचे सात-सात गुण झाले. पुढे म्यानमार गेला. वर्षभरापूर्वी ज्यांच्याकडून फारशी अपेक्षा नव्हती, तो संघ एका गोलाने अडला.

डिसेंबर २०१९ मध्ये पोखरा येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने सुवर्ण जिंकले. अंतिम सामन्यात नेपाळविरुद्धचे दोन्ही गोल बाला देवी हिचे. पुढच्याच महिन्यात तिने स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबशी करार केला. दक्षिण आशियातील ही पदके मोलाची असली, तरी त्यांवरून प्रशिक्षकाचे मूल्यमापन करणे योग्य नाही. या गटात भारत वरचढच असे.

कोविडमुळे २०२० हे वर्ष जवळजवळ कोरडे गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये तुर्कस्तानात सर्बिया आणि रशिया या दोघांकडूनही ०–८ अशी हार झाली; युक्रेनविरुद्ध मात्र संघ २–३ असा झुंजला. एप्रिलमध्ये उझबेकिस्तानच्या दौऱ्यात यजमानांकडून ०–१ आणि बेलारूसकडून १–२ असे पराभव झाले. चार वर्षांपूर्वी याच उझबेकिस्तानने भारतावर सात गोल केले होते, हे लक्षात घेतले की प्रगतीचा अंदाज येतो. जुलै २०२१ मध्ये वैयक्तिक कारणास्तव रॉकी पदावरून दूर झाल्या आणि स्वीडनचे थॉमस डेनर्बी यांची नेमणूक झाली.

भारतात होणाऱ्या आशियाई करंडकाच्या ऐन उंबरठ्यावर हा बदल झाला. जानेवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातील नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी केली आणि नंतर संघातील कोविडबाधितांमुळे स्पर्धेतून बाहेर पडावे लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये सॅफमधील मक्तेदारीही संपली. उपांत्य फेरीत नेपाळने भारताला हरवले. पात्रता फेरी जिंकून आशियाई करंडकात जाणे जमले ते जुलै २०२५ मध्ये, क्रिस्पिन छेत्री यांच्या प्रशिक्षणाखाली, थायलंडवर २–१ ने मात करून. त्या सामन्यातील भारताचे दोन्ही गोल संगीता बासफोरने केले. रॉकी यांच्या अखेरच्या सामन्यात बेलारूसविरुद्ध झालेला भारताचा एकमेव गोलही तिचाच होता.