कोयत्याचा खाडा कोणाच्या खात्यात?

दसरा झाला की आपल्या मांजरसुंब्याच्या चौकातून ट्रक आणि ट्रॅक्टर जायला लागतात. वर भांडीकुंडी, लेकरं, शेळ्या. आपल्या गटांतल्याही कितीतरी जणी त्यात असतात. म्हणून आज आम्ही साखर कारखान्याचा थोडा इतिहास सांगणार आहोत. त्यात एक प्रश्न आहे: धंदा चालवणाऱ्यानं कोणाला आपलं माणूस मानायचं?

सुरुवात चांगली झाली होती. नगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवलं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्यासोबत उभे राहिले आणि कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. 1950-51 च्या हंगामात प्रवरेचं गाळप सुरू झालं. त्याआधी कारखाना म्हणजे कोण्या शेठचा, आणि भाव तो म्हणेल तो. इथं ऊस घालणाराच मालक झाला. नफ्यातून पुढं शाळा आल्या, दवाखाने आले. एवढ्या मोठ्या पैशाला हात न लावता पुढारपण करता येतं, हे या दोघांनी दाखवलं.

पण सभासद कोण होता? ज्याच्या शेतात ऊस, तो. ज्याच्या हातात कोयता, तो नाही.

कारखाने वाढले तसे तोडायला हात कमी पडू लागले. ते हात आपल्या बालाघाटाच्या कोरडवाहू डोंगरातून गेले. 1972 च्या दुष्काळानंतर तर ही वाट अजून रुंद झाली. कारखाना पैसे देतो वाहतूक ठेकेदाराला, ठेकेदार मुकादमाला, आणि मुकादम जोडप्याला उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल बहुतेक नवऱ्याच्या नावावर, काम दोघांचं. मजुरी बुडाली, कोणी आजारी पडलं, तर कारखाना म्हणतो, हा आमचा कामगार नाही. मुकादम म्हणतो, मीही त्यांचाच माणूस. जबाबदारी हातातून हातात जाते आणि शेवटी बाईच्या डोक्यावर येऊन बसते.

एक दिवस काम चुकलं तर खाडा. खाड्याला दंड. पाळी असो, ताप असो.

सुट्टीची मागणी आपल्या महाराष्ट्रात नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये हजारो कामगारांच्या सह्या घेतल्या. रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, पगार वेळेवर द्या, अपघात झाला तर भरपाई द्या, अशा मागण्या होत्या. 1890 च्या एप्रिलमध्ये मोठी सभा भरली, तिथं दोन कामगार बायाही बोलल्या. शेवटी 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली.

गिरणीतल्या बाईला जे 1890 मध्ये मिळालं, ते फडातल्या बाईला 2019 मध्येही नव्हतं. त्या वर्षी गर्भपिशवी काढलेल्या बायांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आपल्या जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कारणं अनेक असतील. पण पाळीचा त्रास म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे दंड, हा हिशेब त्यात होताच.

आता कायद्याकडं बघू. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे किमान 2 टक्के समाजासाठी खर्च करायचे आहेत. सहकारी कारखाना कंपनी नसल्यानं त्याला हे कलम लागत नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंड्यांच्या नावानं महामंडळ झालं, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागं 10 रुपये घ्यायचं ठरलं. हे हवंच. पण आमचं म्हणणं असं, की नफा झाल्यावर दिलेला पैसा ही जबाबदारीची शेपटी आहे. तोंड आहे ते फडात: तिथं पाणी आहे का, संडास आहे का, आजारपणाची सुट्टी आहे का, आणि हजेरीत बाईचं नाव आहे का.

हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. आपले गट आता मसाला करतात, पापड करतात, दाळ करतात. हंगामात रोजानं बाया लावतात. त्या गटाच्या सभासद नसतात. त्यांचा रोज त्याच दिवशी हातात पडतो का? मिरची कुटताना डोळ्यात गेलं, हात भाजला, तर औषधाचा खर्च कोणाचा? प्रवरेच्या शेतकऱ्यांनी शेठशाही मोडली, पण कोयतेवाली बाहेरच राहिली. आपण सावकार मोडला. आपल्या दाराबाहेर कोण उभं आहे, तेही बघायला हवं.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत दोन कामं करा. तोडीला जाणाऱ्या प्रत्येकीच्या घरची उचल, मुकादमाचं नाव आणि कारखान्याचं नाव गटाच्या वहीत लिहून ठेवा, आणि ग्रामसेवकाकडं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र तिच्या स्वतःच्या नावानं मागा. दुसरं, गटाच्या धंद्यात रोजानं येणाऱ्या बायांची हजेरी लिहा आणि आजारपणाचा एक तरी भरपगारी दिवस ठरवा. ठराव वहीत घ्या, सगळ्यांच्या सह्या घ्या.