आल्मादेनचा पारा

पारा हा मोठा विलक्षण धातू आहे. धातू म्हटला की तो कठीण असावयाचाच, ही सर्वसाधारण समजूत त्याने खोटी ठरविली आहे. उणे ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास तो गोठतो आणि ३५७ अंशांना उकळतो. म्हणून नित्याच्या हवेत तो द्रवरूपच असतो. पाण्याहून तो साडेतेरा पटींनी जड असल्यामुळे लोखंडाचा तुकडाही त्यावर तरंगतो. सोने व चांदी यांना तो आपल्यात सामावून घेतो, आणि तापविताच त्यांना मागे ठेवून वाफेच्या रूपाने निघून जातो. या शेवटच्या गुणाने त्याला राजदरबारी मान मिळवून दिला आणि असंख्य कष्टकऱ्यांच्या आयुष्याची धूळधाण केली.

स्पेन देशात आल्मादेन नावाचे गाव आहे. 'खाण' याच अर्थाच्या अरबी शब्दावरून ते नाव पडले. तेथील हिंगूळ रोमन लोकांनाही ठाऊक होता. हिंगूळ भट्टीत भाजला म्हणजे त्यातील गंधक वायुरूपाने निघून जातो आणि पाऱ्याची वाफ थंड होऊन पारा हाती येतो. जगात आजवर निघालेल्या पाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश या एका परिसरातून आला, असे मानतात.

१५५४ च्या सुमारास बार्तोलोमे दे मेदिना या सेव्हिलच्या व्यापाऱ्याने मेक्सिकोत एक नवी रीत यशस्वी करून दाखविली. चांदीची कच्ची धातू दळून तीत मीठ व पारा कालवावयाचा, पाऱ्याने चांदी शोषून घेतली की तो पारदमेल तापवून चांदी वेगळी करावयाची, अशी ती रीत होती. हलक्या प्रतीच्या धातूतूनही चांदी निघू लागली, आणि पाऱ्यावाचून स्पेनच्या साम्राज्याचे चालेना. पेरूमध्ये ह्वांकावेलिका येथे पाऱ्याची दुसरी मोठी खाण निघाली. तिच्यात मूळ रहिवाशांना वेठीने राबविण्यात आले. आल्मादेनची खाण मात्र १५२५ पासून ऑग्सबर्गच्या फुगर सावकारांकडे मक्त्याने होती. सम्राट पाचव्या चार्ल्सला त्यांनी दिलेल्या प्रचंड कर्जाची ती फेड होती.

पाऱ्याला मागणी वाढली, पण मजूर मिळेनात. तेव्हा १५६६ पासून राजसत्तेने जहाजांवर वल्ही मारण्याची शिक्षा झालेले कैदी या खाणीला देण्यास सुरुवात केली. त्यांची अवस्था वाईट असल्याच्या वार्ता माद्रिदला पोहोचल्या, आणि १५९३ मध्ये गुप्त चौकशीसाठी एका अधिकाऱ्याची नेमणूक झाली. त्याचे नाव मातेओ आलेमान. पुढे १५९९ मध्ये कादंबरीकार म्हणून तो विख्यात झाला. त्या वेळी मात्र तो सरकारी हिशेबखात्यातील एक नोकर होता. त्याने कैद्यांना एकेक करून बोलाविले आणि त्यांच्या जबान्या लिहून घेतल्या. भट्टीतील भांडी निवण्यापूर्वीच उघडावयास लावीत, त्यांतील वाफा नाकातोंडात जात, माणसांचे हातपाय थरथरू लागत, कित्येक भ्रमिष्ट होऊन मरत, असे त्या जबान्यांतून बाहेर आले. चौकशी पुरी होण्याआधीच ती थांबविण्याचा हुकूम आला. ते कागद दप्तरात पडून राहिले आणि विसाव्या शतकात छापून प्रसिद्ध झाले.

आलेमानने टिपलेली लक्षणे आजचे वैद्यकशास्त्रही मान्य करते. गिळलेला शुद्ध पारा आतड्यातून फारसा शोषला जात नाही. परंतु त्याच्या वाफेला ना रंग ना वास, आणि श्वासावाटे आत गेलेल्या वाफेचा चार पंचमांश भाग रक्तात उतरून मेंदूपर्यंत पोहोचतो. हिरड्या सुजतात, लाळ गळते, स्वभाव चिडखोर व भित्रा होतो, हात कापतात. मराठीत चंचल माणसाला पाऱ्याची उपमा देतात. स्पॅनिश भाषेत मात्र थरथर कापणाऱ्याला 'पारा चढलेला' अशा अर्थाचा शब्द रूढ झाला. भाषेनेसुद्धा त्या भट्टीची आठवण ठेवली.

हे सारे अज्ञानामुळे घडले, असे म्हणता येत नाही. हिंगुळाचे कारागीर धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला पातळ चामड्याचे आवरण बांधतात, असे रोमन ग्रंथकार प्लिनीने पहिल्या शतकातच नमूद केले आहे. आपल्याकडील रसशास्त्रानेही पाऱ्याचे दोष सांगून शोधनाचे नियम घालून दिले होते. धोका ठाऊक होता. तो कोणाच्या वाट्याला घालावयाचा, एवढाच प्रश्न होता, आणि ज्यांची दाद लागणार नाही अशांच्या वाट्याला तो घालण्यात आला.

पाऱ्याने उपकार केले नाहीत असे नाही. तोरिचेल्लीने १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या ७६ सेंटिमीटर स्तंभावर हवेचा दाब दाखविला; फॅरनहाइटने १७१४ मध्ये पाऱ्याचा विश्वसनीय तापमापक बनविला. आल्मादेनचे खाणकाम एकविसाव्या शतकाच्या आरंभी थांबले आणि २०१२ मध्ये ते स्थळ जागतिक वारसा म्हणून मान्य झाले. २०१३ मध्ये जपानात मंजूर झालेला मिनामाता करार २०१७ पासून अमलात आला, आणि भारतही त्यात सामील आहे. तथापि आफ्रिका, आशिया व दक्षिण अमेरिकेत सोने शोधणारे गरीब लोक अजूनही पारदमेल उघड्या विस्तवावर तापवितात, आणि हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा मानवनिर्मित उगम तोच आहे. रीत मेदिनाच्या काळचीच. वाफ अंगावर घेणारा माणूसही पूर्वीसारखाच दुबळा. करार झाले, कायदे झाले. त्यांची खरी कसोटी त्या विस्तवापाशी व्हावयाची आहे.