कांदाचाळीतील आर्द्रतेचे प्रतिमान

कांदाचाळीतील आर्द्रतेचे प्रतिमान : छपराखालच्या जागेत हवा कशी फिरते आणि तिच्यासोबत पाण्याची वाफ कुठे साचते, कुठून निघून जाते, याचा संगणकावर मांडलेला हिशेब. वातानुकूलित दालने, शस्त्रक्रियागृहे, पॉलिहाऊस यांची रचना ठरवताना हेच गणित वापरतात. शिरूर आणि दौंड तालुक्यांत त्याची खरी गरज कांदाचाळीला आहे.

भीमा आणि घोड नद्यांच्या काठचा हा मुलूख पर्जन्यछायेत येतो. चासकमान, घोड आणि खडकवासला प्रकल्पांच्या कालव्यांवर इथे उन्हाळी कांदा पिकतो. एप्रिल-मेमध्ये निघालेला माल भाव मिळेपर्यंत, पुष्कळदा दिवाळीच्या तोंडापर्यंत, चाळीत राहतो. म्हणजे साठवणीचा मोठा काळ पावसाळ्यातच जातो. साठवणीसाठी २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ ते ७०% सापेक्ष आर्द्रता योग्य मानतात. आर्द्रता त्याहून वाढली की काळी बुरशी आणि सड लागते, घटली की कांद्याचे वजन उतरते. शेजारच्या खेड तालुक्यात राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. तिथे सुधारित, तळातून व बाजूंनी हवा खेळणाऱ्या चाळींवर बरेच काम झाले आहे.

प्रतिमानात सापेक्ष आर्द्रता थेट वाहून नेत नाहीत. ती फसवी राशी आहे. पावसाळी रात्रीची २४ अंशांची, ९०% आर्द्रतेची हवा चाळीत शिरून ३० अंशांपर्यंत तापली, तर वाफ तेवढीच राहूनही सापेक्ष आर्द्रता सुमारे ६३ टक्क्यांवर येते. म्हणून चाळीतली जागा लहान घनकोशांत विभागून प्रत्येक घनकोशातल्या वाफेचे वस्तुमान मोजतात. हवेचा वेग, तापमान आणि वाफ यांची समीकरणे एकत्र सोडवतात आणि सापेक्ष आर्द्रता शेवटी काढतात. वाफेचा रेणुभार १८, कोरड्या हवेचा सुमारे २९. त्यामुळे तापमान सारखे असले तर दमट हवा हलकी ठरते आणि वर चढते. वारा पडलेल्या दिवशी हा लहानसा फरकही प्रवाहाची दिशा ठरवण्यात भाग घेतो.

अवघड भाग ढिगाचा. प्रत्येक कांदा स्वतंत्र रेखाटणे परवडत नाही, म्हणून ढीग सच्छिद्र माध्यम धरतात आणि हवेला होणारा अडथळा दाबातील घटीच्या सूत्राने मांडतात. शिवाय ढीग जिवंत असतो. कांदा श्वसन करतो, उष्णता सोडतो आणि पाणी गमावतो. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते; ती समीकरणात धरली नाही तर तापमान आणि आर्द्रता दोन्ही चुकतात. थराची उंची पाच फुटांच्या आसपास आणि रुंदी चार फुटांच्या आसपास ठेवण्याचा शेतकऱ्यांना दिला जाणारा सल्ला हवेच्या या अडथळ्यामुळेच महत्त्वाचा आहे. ढीग जाड झाला की मधल्या भागात हवा पोहोचतच नाही आणि तिथली वाफ तिथेच कोंडते. चाळीच्या दारातल्या आर्द्रतामापकाला त्याचा पत्ता लागत नाही, म्हणून पडताळणीची मापने ढिगाच्या आतूनच घ्यावी लागतात.

छपराचाही वाटा मोठा. आतली हवा ३० अंश आणि ७०% असेल तर तिचा दवबिंदू सुमारे २४ अंशांवर असतो. निरभ्र रात्री पत्रा त्याखाली थंड झाला की आतून थेंब धरतात आणि वरच्या थरावर टपकतात. दुपारी तोच पत्रा भट्टीसारखा तापतो. दिवसाची सरासरी धरून केलेल्या स्थिर प्रतिमानात यातले काहीच दिसत नाही. निदान चोवीस तासांचे, तासागणिक बदलणारे प्रतिमान हवे.

दौंडच्या बागायती पट्ट्यात आणखी एक पथ्य पाळावे लागते. चाळीला लागून उभा ऊस असेल तर तो वारा अडवतो आणि पानांतून वाफ सोडतो. प्रतिमानाची सीमा चाळीच्या भिंतीपाशी संपवून तिथे हवामान केंद्राचा मोकळ्या माळावरचा वारा लावला, तर चाळ प्रत्यक्षाहून कोरडी दिसते. म्हणून उसाचा फड गणिताच्या आतच घ्यावा लागतो.